कूलरसमोर बसून मोजलेलं कृष्णविवर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी नागपुरात बसून एका दूरच्या क्वेसारमधलं कृष्णविवर मोजलं, असं सांगितलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. दुर्बीण कुठे आहे? आणि नासाने तुला डेटा दिला कसा? दुर्बीण म्हणजे जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण, आणि ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. डेटा मला कुणी दिला नाही. तो सगळ्या जगासाठी उघडाच आहे, घेणारा पाहिजे. अडचणी आल्या त्या भलत्याच ठिकाणी. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात त्या जशा आल्या तशा लिहून ठेवते आहे. पुढच्या वर्षी असंच काही करू पाहणाऱ्या कुणाचे दोन महिने वाचले तरी पुष्कळ.

थोडं माझ्याबद्दल. बी.एस्सी.नंतर सहा वर्षं मी नागपूरच्या नंदनवन भागात अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतल्या. मग लग्न, मग कोरोना, आणि तिशीत पुन्हा शहरातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला प्रवेश. वर्गातली पोरं मला ताई म्हणायची, ऑफिसातले लोक मॅडम. आता नव्या शैक्षणिक धोरणात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प सक्तीचा आहे. आमच्याकडे प्रकल्प म्हटला की बहुतेकांचा फॉस्फर असतो. नागपूरच्या भौतिकशास्त्रात ही जुनी परंपराच आहे: पावडर भाजायची, तिच्यावर अतिनील प्रकाश टाकायचा, ती कोणत्या रंगात चमकते ते मोजायचं. माझे गाइड सर आयुष्यभर तेच करत आले आहेत.

१२ जुलैला विषयांची यादी लागली. मी सरांकडे जाऊन म्हणाले, “सर, मला क्वेसार घ्यायचाय.”

सर चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. “मले त्यातलं काही येत नाही. तू अडकली तर मी काय करू?”

मी म्हणाले, “वर्णपटच आहे, सर. शिखराची जागा आणि शिखराची रुंदी मोजायची.”

“हौ? मग ते तर आपलंच काम आहे.”

हे वाक्य पुढे किती कामाला येणार होतं, ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

क्वेसार म्हणजे काय ते थोडक्यात. दीर्घिकेच्या मध्यभागी अवाढव्य कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू आत जाण्याआधी भोवती चकतीसारखा फिरतो, तापतो आणि अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त उजळतो. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ नावाच्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट वाचला. हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषाच लाल बाजूला सरकल्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि कोडं सुटलं. त्या सरकण्याला आपण ताम्रसृती म्हणतो. ती जितकी जास्त, तितकी वस्तू दूर, असं धरतात. ३सी २७३ ची ताम्रसृती ०.१५८ आहे. मी निवडलेल्या क्वेसारची ६.३२७.

त्याचं नाव जे०१००+२८०२. नाव कसलं, पत्ताच तो, आकाशातला. भाद्रपदांचा चौकोन ओळखता येत असेल तर उत्तराभाद्रपदेतल्या वरच्या ताऱ्यापासून हात लांब करून एक मूठभर अंतर पूर्वेला जा, तिथे तो आहे. डोळ्यांना अर्थातच काही दिसणार नाही. २०१५ साली चिनी खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने तो जाहीर केला, तेव्हा त्याच्या कृष्णविवराचं वजन १२०० कोटी सूर्यांएवढं सांगितलं होतं. पहिली ओळख पटली ती युन्नानमधल्या २.४ मीटरच्या दुर्बिणीवर. पण आकाशातल्या लाखो लाल ठिपक्यांतून हा संशयित वेगळा काढायला वाइज या अवरक्त (इन्फ्रारेड) अवकाश दुर्बिणीच्या नोंदी कामी आल्या. वाइजचा आरसा फक्त ४० सेंटिमीटरचा. आमच्या घरची पोळपाट याहून फार लहान नाही.

हाच का निवडला? कारण तो फार तेजस्वी आहे. ६ च्या पुढच्या ताम्रसृतीचा, मुळातच याहून तेजस्वी असा क्वेसार माहीत नाही. नवख्या माणसाने अंधूक वस्तूच्या नादी लागू नये. याहून दूरचे क्वेसार आहेत, ७.६४ ताम्रसृतीपर्यंतचे. मलाही आधी तोच मोह झाला होता, “सगळ्यात दूरचा” म्हणून. आठ दिवसांत उतरला.

विषयाचा अर्ज ३१ जुलैला दिला. १४ ऑगस्टला परत आला. वर लाल पेनाने शेरा: “डेटा ज्या संस्थेचा आहे तिचे ना-हरकत पत्र जोडावे.” ऑफिसात गेले.

“मॅडम, लोकायचा डेटा आपण असाच घेऊ शकतो का? उद्या नासाची नोटीस आली तर कोण धावपळ करंल?”

“अहो, तो सार्वजनिक आहे. कोणीही उतरवून घेऊ शकतं.”

“मग तसं लिहून आणा ना त्यायच्याकडून.”

हसू आलं, पण मी वाद घातला नाही, आणि तुम्हीही घालू नका. बाल्टिमोरच्या संस्थेत जेम्स वेबचा डेटा जिथे साठवतात त्या संग्रहाला मास्ट म्हणतात. त्यांच्या मदतकक्षाला मी चार ओळींची ईमेल केली. दोन दिवसांत उत्तर आलं: हा डेटा सार्वजनिक आहे, परवानगी लागत नाही, फक्त प्रबंधात आमचा ऋणनिर्देश करा आणि निरीक्षणांचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, द्या. ते छापून नेलं. “यावर शिक्का नाही,” ऑफिसातून ऐकायला आलं. शेवटी सरांनी त्याच कागदावर “सत्यप्रत” लिहून सही केली आणि विभागाचा शिक्का मारला. फाइल पुढे सरकली. ११ सप्टेंबरला मंजुरी आली. दोन महिन्यांतले सहा आठवडे यात गेले. तेव्हा अर्ज करायच्या आधीच ही ईमेल पाठवून उत्तर छापून ठेवा.

एक गोष्ट मात्र खरोखर तपासायची असते. दुर्बिणीचा वेळ ज्यांनी मिळवला त्यांना साधारणपणे वर्षभर तो डेटा एकट्याने वापरायचा हक्क असतो, नंतर तो सगळ्यांना खुला होतो. माझ्या क्वेसारची निरीक्षणं आयगर नावाच्या कार्यक्रमातली, क्रमांक १२४३, ऑगस्ट २०२२ मध्ये घेतलेली. म्हणजे माझ्या आधीच ती खुली झाली होती. निवडलेल्या वस्तूची अशी तारीख आधी बघून घ्या.

आता अवरक्तच का, आणि अवकाशातूनच का? हे मला पुस्तकापेक्षा नागपूरच्या उन्हाळ्याने जास्त नीट समजावलं. कृष्णविवर मोजायची सगळ्यात भरवशाची रेषा म्हणजे हायड्रोजनची एच-बीटा. प्रयोगशाळेत ती ४८६३ अँगस्ट्रॉमच्या जवळ असते, निळसर-हिरवी, डोळ्यांना दिसणारी. ताम्रसृतीमुळे तिची तरंगलांबी ७.३२७ पट होते आणि ती ३.५६ मायक्रॉनवर जाऊन बसते (१० हजार अँगस्ट्रॉम म्हणजे १ मायक्रॉन). तिथे पृथ्वीवरच्या दुर्बिणीची पंचाईत होते. हवेतली वाफ अवरक्त प्रकाश खाते, आणि उरलेल्यात हवा स्वतः आणि दुर्बीण स्वतः चमकते, कारण कुठलीही ऊबदार वस्तू अवरक्तात उजळतेच. ४५ अंशांवर तापलेली आपली गच्ची ९ मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त चमकते. अशा गच्चीवर बसून मेणबत्ती शोधायची, तीही गच्चीच्याच रंगाची. म्हणून दुर्बीण गार पाहिजे. जेम्स वेबच्या सूर्याकडच्या बाजूला पाच थरांचा पडदा आहे, टेनिस कोर्टाएवढा. आपण खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावतो, तसाच प्रकार, फक्त पाणी न शिंपडता. त्याच्या सावलीत आरसा आणि बहुतेक उपकरणं उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतात. आधीची स्पिट्झर दुर्बीण २००३ ते २०२० चालली. तिचा आरसा ८५ सेंटिमीटरचा आणि तिचा वर्णपटमापक सुमारे ५ मायक्रॉनच्या पुढेच बघायचा. माझी रेषा त्याच्या अलीकडे. वेबचा आरसा साडेसहा मीटरचा, आणि त्याचा निअरकॅम कॅमेरा ३.१ ते ४ मायक्रॉनचा वर्णपट एका झटक्यात देतो.

ऑक्टोबरमध्ये डेटा उतरवायला घेतला आणि पहिली मोठी चूक केली. संग्रहात कार्यक्रमाचा क्रमांक टाकला, सगळ्या फाइलींवर खूण केली आणि “उतरवा” दाबलं. कच्च्या फाइली एकेक शेकडो एमबीच्या. तीन रात्रींत लॅपटॉप भरला, घरच्या फायबरचा वेग कंपनीने कमी केला आणि नवऱ्याची क्रिकेटची मॅच अडकू लागली. तुम्ही कच्च्या फाइली घेऊ नका. संग्रहात “रेट” नावाच्या फाइली असतात, ज्यांत पहिल्या टप्प्याची साफसफाई झालेली असते. त्या प्रत्येकी ८०-८५ एमबीच्या. त्या पुरतात. आणि फक्त आपल्याला हव्या त्या फिल्टरच्या घ्या, माझ्यासाठी तो एफ३५६डब्ल्यू होता. मी मात्र हे सगळं कळेपर्यंत बर्डीच्या बाजारातून १ टीबीची एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायची डिस्क, आणली होती, ६,४०० रुपये. पैसे वाया गेले नाहीत. कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालवलं की ते स्वतःच संदर्भफाइली ओढायला लागतं, त्याही काही जीबी होतात. तो फोल्डर सुरुवातीलाच बाहेरच्या डिस्कवर वळवून द्या. लॅपटॉपची रॅम ८ ची १६ करून घेतली, आणखी ३,२०० रुपये. सॉफ्टवेअर सगळं फुकट.

नोव्हेंबर असाच गेला. २० तारखेला विधानसभेचं मतदान, सरांना निवडणुकीची ड्युटी, आधी प्रशिक्षणं, मग मोजणी. पहिल्या प्रगती-अहवालावर सही मिळायला १८ दिवस लागले. त्या काळात मी जे वाचायचं राहिलं होतं ते वाचलं, त्यामुळे तक्रार नाही. तुमच्या वर्षी निवडणूक असेल तर सह्या आधी उरकून घ्या.

डिसेंबर आणि जानेवारीत वर्णपट काढायचं काम. इथे मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. ज्या पद्धतीने ही निरीक्षणं घेतली आहेत तीत एकाच वस्तूचा प्रकाश आत सोडणारी फट नसते. कॅमेऱ्यासमोर एक ग्रिझम, म्हणजे लोलकासारखं प्रकाश फोडणारं भिंग, येतं आणि चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा आडवा पट्टा होतो, सगळ्यांचा एकदम. होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या भिंतीसारखं दिसतं. कुठला पट्टा कुणाचा हे ठरवायला त्याच जागेचं साधं चित्र सोबत लागतं. साध्या चित्रातल्या क्वेसारच्या जागेवरूनच पट्ट्यावरच्या तरंगलांबीचा हिशेब सुरू होतो. मी आठवडाभर ते चित्र न जोडताच चालवत होते आणि रेषा भलतीकडे येत होती. माझा क्वेसार इतका उजळ की त्याचा पट्टा लगेच सापडतो, एवढीच काय ती देवाची कृपा. पार्श्वभूमी वजा करणं, शेजारच्या दीर्घिकेचा पट्टा कुठे अंगावर येतो ते पाहून तेवढा भाग टाकून देणं, वेगवेगळ्या वेळी घेतलेले पट्टे एकमेकांवर बसवणं... यात फेब्रुवारी उजाडला.

२ फेब्रुवारी, रविवार, रात्री साडेअकरा. पडद्यावर वर्णपट आला आणि ३.५६ मायक्रॉनच्या आसपास एक रुंद, बसकी टेकडी दिसली. शेजारी ऑक्सिजनच्या दोन टोकदार रेषा दिसायला हव्यात असं वाचलं होतं. त्या मला लोखंडाच्या रेषांच्या गर्दीतून नीट वेगळ्या काढता आल्या नाहीत. पण टेकडी होती. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम ८७ कोटी वर्षं होतं. मी नवऱ्याला उठवलं. त्याने एक डोळा उघडून बघितलं, “ईसीजीवानी दिसून राह्यलं,” म्हणाला आणि पुन्हा झोपला.

आता वजन कसं काढतात ते सांगते, कारण पुढचा घोळ त्यातच आहे. रेषा रुंद होते कारण कृष्णविवराभोवतीचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो: काही आपल्याकडे येताना, काही दूर जाताना. रुंदीवरून वेग कळतो. वायू किती अंतरावर फिरतोय ते क्वेसारच्या तेजावरून काढतात, कारण जवळच्या क्वेसारांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून असं दिसलं आहे की तेज जास्त तर तो वायू जास्त दूर, साधारण तेजाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. वेग आणि अंतर मिळालं की वजन मिळतं, शाळेतल्या वर्तुळाकार गतीसारखंच. २००६ साली वेस्टरगार्ड आणि पीटरसन यांनी दिलेलं सूत्र सगळे वापरतात: वजन हे रुंदीचा वर्ग गुणिले ५१०० अँगस्ट्रॉमजवळच्या तेजाचं वर्गमूळ या प्रमाणात. पण या सूत्रात अनिश्चितता मोठी आहे. उत्तर तिप्पट जास्त किंवा तिप्पट कमी असू शकतं.

मार्चमध्ये रेषेला वक्र बसवले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझं उत्तर आलं: सुमारे २७०० कोटी सूर्य.

छापील निकाल मला माहीत होता. याच निरीक्षणांवरून आयगर गटाने २०२३ साली एच-बीटावरून सुमारे १००० कोटी सूर्य काढले होते. माझं २.७ पट जास्त. मी स्वतःची समजूत घातली की सूत्रातच तिपटीची मोकळीक आहे, मग आपण बसतोच की त्यात. प्रबंधात तसं लिहूनही टाकलं, “उपलब्ध निष्कर्षांशी अनिश्चिततेच्या मर्यादेत सुसंगत.” वाक्य काय भारदस्त वाटत होतं!

सरांनी ते वाचलं आणि विचारलं, “अनिश्चितता सूत्राची आहे का तुझी?”

मी गप्प.

“त्यायनं पण हेच सूत्र वापरलं ना? फोटो पण तेच. मग सूत्राची चूक दोघांच्यात सारखीच येईल. तुमच्यात फरक पडला तो कशाने?”

विचार करा, क्वेसारमधलं “काही न येणारा” माणूस हे विचारतो आहे. त्यांनी मला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, वर्णपट जेवढ्या एककांतून गेला ती सगळी लिही, एकही गाळू नको. “आपण पावडरचा वर्णपट तरंगलांबीवरून ऊर्जेवर नेतो तेव्हा नुसता आडवा अक्ष बदलून चालतं का? उंचीलाही गुणक लावावा लागतो. अर्धी पोट्टी तो विसरतात. तूही काहीतरी असंच केलं असशील.”

तसंच होतं, फक्त उलट. मी गुणक विसरले नव्हते, दोनदा लावला होता. विश्व प्रसरण पावतं म्हणून मोजलेल्या प्रकाशाच्या घनतेला (१ + ताम्रसृती) ने, म्हणजे ७.३२७ ने, मी गुणलं होतं. ते बरोबर. पण त्यानंतर तरंगलांबीने गुणताना क्वेसारच्या जागची ५१०० अँगस्ट्रॉम घ्यायच्या ऐवजी इथे पोचलेली ३.७४ मायक्रॉन घेतली. तीत तोच ७.३२७ पुन्हा दडलेला. तेज ७.३ पट झालं आणि वर्गमुळामुळे वजन २.७ पट. खोडून पुन्हा केलं. उत्तर १००० कोटींच्या जवळ आलं.

मला ही चूक बोचते ती झाली म्हणून नाही, ती जवळजवळ खपली म्हणून. सूत्राची अनिश्चितता इतकी ऐसपैस की माझा आख्खा गाढवपणा तिच्यात मांडी घालून बसला होता. २.७ ऐवजी २७ पट आलं असतं तर मी त्याच रात्री शोधलं असतं. म्हणून अशा प्रकल्पात आधी जवळचा, नीट माहीत असलेला एखादा क्वेसार त्याच आज्ञावलीतून काढून पाहा. मी पाहिला नव्हता. नंतर पाहिला. ताम्रसृती लहान असेल तर ही विशिष्ट चूक तिथे दिसणारही नाही, हे त्यातून कळलं. म्हणजे तपासणीची वस्तूही विचार करून निवडावी लागते.

या २.७ चा अर्थ किती, तो हिशेबही मी प्रबंधात घातला. कृष्णविवराची वाढ पतसंस्थेतल्या चक्रवाढ व्याजासारखी असते. जास्तीत जास्त वेगाने खात राहिलं, की स्वतःच्याच प्रकाशाच्या दाबाने पुढचा घास ढकलला जातो. ती मर्यादा धरली तर वजन दुप्पट व्हायला साधारण साडेतीन कोटी वर्षं लागतात. मेलेल्या ताऱ्यापासून उरलेल्या १०० सूर्यांच्या कृष्णविवराने सुरुवात केली तर १००० कोटींवर पोचायला २६-२७ दुपटी, म्हणजे ९० कोटींहून जास्त वर्षं. विश्वाचं वय तेव्हा ८७ कोटी. बसत नाही! सुरुवातीचं बीजच फार मोठं असावं किंवा मधे कधीतरी मर्यादा ओलांडून भराभर खाल्लं असावं, असं म्हणणारे दोन्ही पक्ष आहेत, आणि अशा दूरच्या क्वेसारांमागे लोक हात धुऊन लागले आहेत ते यासाठीच. माझ्या एका जादाच्या गुणकाने त्या बिचाऱ्या कृष्णविवराकडून आणखी ५ कोटी वर्षांची जेवणं मागितली होती.

मे महिना लागला. पारा ४४ च्या आसपास, दुपारी कूलरसमोर बसून टायपिंग. लॅपटॉपचा पंखा आणि कूलर यांची जुगलबंदी. एका संध्याकाळी वादळ आलं आणि सहा तास वीज गेली. प्रकरण चौथे क्लाउडवर होतं म्हणून वाचलं, आकृत्या नव्हत्या, त्या पुन्हा काढल्या. प्लॅगॅरिझमचा पहिला अहवाल १८ टक्के आला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत चालतं. माझ्या अहवालात मास्टचा ठरलेला ऋणनिर्देश आणि संदर्भसूचीसुद्धा मोजली गेली होती. नियमाने संदर्भसूची वगळायची असते. ग्रंथालयात जाऊन नम्रपणे तो पर्याय निवडायला सांगितलं, तर ७ वर आलं. घाबरून वाक्यं उलटीपालटी करत बसू नका, आधी सेटिंग विचारा.

२० मे रोजी जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. आमच्या पिढीला खगोलशास्त्र मराठीत कळलं ते त्यांच्यामुळे. त्या दिवशी मी काही लिहिलं नाही. आणि गंमत अशी की माझ्या प्रबंधातल्या पहिल्याच गृहीतकावर, म्हणजे क्वेसारची ताम्रसृती त्याच्या अंतरामुळेच असते यावर, त्यांनी आयुष्यभर शंका घेतली होती. फ्रेड हॉइल, हाल्टन आर्प, जेफ्री बर्बिज ही त्यांच्या बाजूची माणसं. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. मी प्रस्तावनेत त्यावर एक परिच्छेद वाढवला.

छपाई आणि बाइंडिंग: ७८ पानं, त्यांतली १४ रंगीत. चार प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. सगळे मिळून २,३५० रुपये. पाठीवर नाव छापताना “क्वेसार”चं “केसर” झालं, एक प्रत परत करून घेतली. दुकानदार म्हणाला, “मले वाटलं शेतीचं असंल.” सोबत सीडी द्यायची होती. सीडी! घरात एकाही यंत्राला आता सीडी लागत नाही. शेवटी एका जुन्या फोटो स्टुडिओत चार सीडी लिहून मिळाल्या, २०० रुपये. हे काम शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका.

१६ जूनला व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक चुंबकीय पदार्थांवर काम करणारे. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “नारळीकर म्हणायचे ही सरक अंतरामुळे नसेलही. तुम्ही ती अंतरामुळेच धरली. का?” आदल्या महिन्यात तो परिच्छेद लिहिला नसता तर माझी दातखीळ बसली असती. मी सांगितलं, की याच क्वेसारभोवतीच्या आकाशाच्या तुकड्यात आयगर गटाला ऑक्सिजनच्या रेषा देणाऱ्या ११७ दीर्घिका सापडल्या. त्या ५.३ ते ६.९ ताम्रसृतीत विखुरलेल्या आहेत आणि ६.३३ जवळ त्यांचा घोळका आहे, नेमका क्वेसारच्या ताम्रसृतीला. क्वेसार जवळचा असून उगाच लाल दिसत असता तर इतक्या साध्या दीर्घिका त्याच आकड्यावर का जमाव्या? परीक्षकांनी मान हलवली, मग म्हणाले, “हे पटण्यासारखं आहे. पण सगळ्या क्वेसारांना लागू होईल असं तुम्ही एकावरून म्हणू नका.” मी म्हटलं, नाही म्हणत. त्यानंतर त्यांनी २.७ ची गोष्ट विचारली, कारण सरांच्या सांगण्यावरून ती चूक मी परिशिष्टात तशीच ठेवली होती. त्यावर वीस मिनिटं गेली. गुण किती मिळाले ते सोडा, बरे मिळाले.

एकूण खर्च पाहिला तर डिस्क आणि रॅम धरून १२ हजारांच्या आत-बाहेर. दुर्बिणीच्या वेळेसाठी शून्य. स्वतःचं निरीक्षण मागायचं झालं तर ती वेगळीच शर्यत आहे: वेबच्या निरीक्षणांच्या चौथ्या फेरीसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये २,३०० हून जास्त प्रस्ताव आले आणि मागणी उपलब्ध वेळेच्या जवळपास नऊपट होती. अर्ज मात्र जगातल्या कुणालाही करता येतो, आणि परीक्षकांना अर्जदाराचं नाव दाखवत नाहीत. अजून मी त्या वाटेला गेलेली नाही.

एसएसडी आता विभागातल्या एका ज्युनिअरकडे आहे. त्याला याच कार्यक्रमातला दुसरा क्वेसार घ्यायचाय. कुठल्या फाइली घ्यायच्या, संदर्भफाइलींचा फोल्डर कुठे, ५१०० कुठे आणि ३.७४ कुठे, सगळं एका वहीत लिहून दिलं. त्याने वही चाळली आणि विचारलं, “ते सगळं ठीक आहे, ताई. पण नासाची एनओसी?”

मी त्याला त्या ईमेलची झेरॉक्स दिली. शिक्क्यासकट.